सांगलीत हरवलेले सुभेदार

सांगलीला माणूस कशाला जातो? दवाखान्याला, कोर्टाला, पोरांच्या ॲडमिशनला, नाहीतर मार्केट यार्डात हळद घालायला. आम्ही दोघं नुसतं फिरायला सांगलीला जाऊन आलो असं मी बचत गटाच्या बैठकीत सांगितलं, तर बायका माझ्या तोंडाकडे बघतच बसल्या. "सातारा हाताशी सोडून सांगलीला? आन् बघितलं काय तिथं?" मी पाच मिनिटं सांगितलं, पण कुणाचं समाधान होईना. एकीला जेवणाचं ऐकायचं, दुसरीला साडीचं, आणि सगळ्यांना मिळून सुभेदार हरवले होते ते ऐकायचं. दहा जणींना दहा वेळा सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते. ज्यांना जायचं असेल त्यांनी खुशाल जावं. फक्त नवऱ्याच्या खांद्याला पिशवी देताना त्यातला आपला मोबाईल आधी काढून घ्यावा.

आमचे हे सव्वीस वर्षं फौजेत होते. नायब सुभेदार होऊन घरी आले त्याला दोन वर्षं झाली. गावात त्यांना सगळे सुभेदारच म्हणतात. मुलगा शिरवळला कंपनीत आहे, लेक औंधला दिलीय, रहिमतपूरच्या शिवारातल्या घरात आता आम्ही दोघंच. नोकरीत असताना दर सुट्टीला "एक दिवस कुठंतरी फिरून येऊ" असं ठरायचं आणि सुट्टी कुणाच्या लग्नात, कुणाच्या वास्तुशांतीत, नाहीतर उसाच्या लागणीत संपायची. साताऱ्याला गेलो नाही असं नाही. पण साताऱ्यात राजवाड्यापाशी उतरलं की तीन पाव्हणे भेटणारच. "आलाय तर घरी चला" म्हणून ओढून नेणार, वरण-भात वाढणार, आणि येताना हातात कंदी पेढ्याची पुडी देऊन वाटेला लावणार. याला काय फिरणं म्हणतात होय? म्हणून मीच म्हटलं, सांगली. तिथं आपल्याला कुत्रंसुद्धा ओळखत नाही.

हे झालं बायकांना सांगितलेलं कारण. खरं कारण दुसरंच होतं. आठ दिवस आधी यांच्या जुन्या साहेबांचा फोन आला होता. गुजरातेत एका कंपनीत सिक्युरिटीचं मोठं काम आहे, हाताखाली माणसं, राहायला खोली, तीन वर्षांचा करार. बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो-नाही कळवायचं, नाहीतर साहेब दुसऱ्याला विचारणार. फोन झाल्यावर हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय करू?" मी भाकरी थापत होते. मी म्हटलं, "तुमचं तुमी ठरवा."

यांनी जायला नको होतं मला. दोन वर्षं झाली, सकाळी दोन कप चहा टाकायची सवय लागली होती. पण तोंडातून निघालं ते एवढंच, आणि पुढचे आठ दिवस त्या विषयावर आम्ही दोघंही गप्प. बुधवारचा बेत मी मुद्दाम काढला. घरात बसून पाच वाजायची वाट बघण्यापेक्षा दिवसभर बरोबर फिरू, खाऊ-पिऊ, म्हटलं, यांचं मन आपोआपच फिरलं तर बरंच झालं.

बेत मी काढला, पण त्याचा कागद केला यांनी. आदल्या दिवशी चष्मा लावून बसले आणि वहीचं पान फाडून रांगेनं लिहून काढलं. ०५३० उठणे. ०९०० नाष्टा, वीस मिनिटे. ०९३० कापड पेठ, खरेदी. १०४५ गणपती दर्शन. १२३० जेवण. १४०० हरिपूर संगम. आणि सगळ्यात खाली, खाली रेघ मारून, १७०० फोन. हो म्हणायचं की नाही, ते काही लिहिलेलं नव्हतं. मी कागद दोनदा उलटसुलट करून बघितला.

कापड पेठ

गाडीचं सांगत बसत नाही. भिलवडीच्या आसपास बाहेर द्राक्षाचे मांडव दिसले. जन्मभर ऊस बघून डोळे विटलेल्या माणसाला तेवढाच पालट. सांगलीत उतरल्यावर स्टेशनबाहेरच्या एका छोट्या हॉटेलात पोहे खाल्ले. हॉटेलवाली बाई म्हणाली, "बसा की वैनी, उभ्या का? गरम हायत, खावा की." या बाजूची माणसं बोलताना शेवटी असा "की" लावतात की नाही म्हणायची सोय उरत नाही. आमच्याकडं "खा" म्हणजे खा, नको तर ऊठ. मी दुसरी प्लेट मागितली तेव्हा यांनी घड्याळाकडे बघितलं. वीस मिनिटं होत आली होती ना!

रिक्षानं कापड पेठेच्या तोंडाशी उतरलो. उतरताना यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि खांद्याला अडकवली. "लोड माझ्याकडं," म्हणाले. बरं वाटलं मला. गाडीतल्या गर्दीत माझा मोबाईल मी त्याच पिशवीत टाकला होता, ते काही तेव्हा डोक्यात आलं नाही.

आता आमच्या चालण्याचं सांगायला हवं. आमच्याकडं नवरा-बायको जोडीनं चालत नाहीत. पुरुष पुढं, बाई आठ-दहा पावलं मागं. कुणी ठरवलं कुणास ठाऊक, पण रानात जाताना, देवाला जाताना, लग्नाला जाताना सगळी जोडपी अशीच चालतात. त्यात हे फौजी गडी. परेडच्या मैदानावरची चाल अजून पायातून गेलेली नाही. "आवं, हळू की जरा," म्हटलं की चार पावलं हळू टाकतात आणि पाचव्याला परत डावा-उजवा सुरू. सांगलीत कोण बघतंय म्हणून मी जरा नेट लावून शेजारी चालायला गेले, तर हे आणखी पुढं सरकले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, आणि माणूस लाजतोय!

कापड पेठ मात्र बघण्यासारखी आहे. दुतर्फा दुकानं, दारात साड्यांचे घोळ लोंबकळत सोडलेले, आणि आतून पांढऱ्या गाद्यांवर बसलेली माणसं रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक बाईला हाक मारताहेत. मी एका दारात थबकले. समोर डाळिंबी रंगाचं इरकल होतं, तांबडा काठ, पदराला पांढरे पट्टे. आमच्याकडं इरकल मिळतं, पण दुकानदार दोन दाखवतो आणि तिसऱ्याला कपाळाला आठी घालतो. इथला गादीवरचा माणूस म्हणाला, "घेऊ नका, पण बघा तरी की. आत या." आत गेले. शेजारी अथणीकडची एक बाई लुगडी बघत होती. मी डाळिंबी इरकल खांद्यावर टाकून आरशात बघितलं, तर ती आपण होऊन म्हणाली, "भाळ चंद ऐत्री!" मला कानडी येत नाही, पण ती ज्या तोंडानं बोलली त्यावरून इरकल मला शोभतंय एवढं कळलं. मग तिनं माझ्याकडून तिचा रंग ठरवून घेतला. दोघींनी मिळून पंधरा-वीस तरी घड्या मोडल्या असतील. दुकानदारानं चहा मागवला. असली मजा मी कित्येक वर्षांत केली नव्हती.

कमरेच्या बटव्यातले पैसे मोजून दिले आणि डाळिंबी इरकल काखेत मारून बाहेर आले, तर हे नाहीत.

डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पांढऱ्या टोप्या पुष्कळ, पण त्याखाली ताठ मान असलेली एकही नाही. मनगटावरच्या घड्याळात पावणेअकराला पाच कमी होते. माझ्या मनात काय आलं असेल? काहीच नाही. यांच्याच कागदावर पावणेअकराला गणपती लिहिलेला होता, आणि हा माणूस आयुष्यात कुठं एक मिनिट उशिरा गेलेला नाही. मी एका बाईला देवळाची वाट विचारली आणि चालायला लागले.

गणपतीचं देऊळ

देऊळ काळ्या दगडातलं, पुढं मोठं थोरलं दार, आत ऐसपैस पटांगण आणि मागं कृष्णा. आमची यमाई औंधच्या डोंगरावर बसलेली. पायऱ्या चढून छाती भरून आल्याशिवाय ती दर्शन देत नाही. हा गणपती सपाटीवरचा, दहा पावलांत समोर. मला आपलं उगीचच वाटलं, इतक्या सहज दर्शन घेतलेलं लागू पडेल ना? म्हणून एक प्रदक्षिणा जास्तीची घातली. मागणं एकच होतं. पाच वाजता यांच्या तोंडून "नाही" निघू दे.

हे काही आले नाहीत. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. फोन करावा म्हणून हात पिशवीकडे गेला आणि तेव्हा कळलं की पिशवीच यांच्याकडं आहे. दुर्वा विकणाऱ्या बाईनं आपला मोबाईल पुढं केला, "लावा की त्यावरनं." पण नंबर? फौजेतले यांचे सगळे नंबर मला तोंडपाठ. रिटायर झाल्यावर घेतलेला नवा मात्र आठवेना. पाठ करायची वेळच आली नव्हती, माणूस घरातच असतो.

मग मी काय केलं? गणपती पेठेत गेले आणि बाजार केला. घाबरून रस्त्यात उभं राहायचा माझा स्वभाव नाही. एका दुकानदारानं हळकुंड माझ्यासमोर मोडून दाखवलं, आत असलं केशरी की बघत राहावं. दळलेली हळद घेतली, बेदाणे घेतले, कुंकू घेतलं. बेदाण्याचे चार दाणे तोंडात टाकून, परत देवळात येऊन सावलीला बसले. हवा छान होती. नदीवरून वारा येत होता. खरं सांगते, मला काळजी वाटली नाही. राग मात्र यायला लागला होता. स्वतःच कागद करायचा आणि स्वतःच मोडायचा म्हणजे काय!

बारा वाजून गेल्यावर मी उठले. म्हटलं, बघू तरी, कुठल्या दुकानात बसलेत.

परत कापड पेठ

इरकलच्या दुकानासमोर, बरोबर रस्त्याच्या कडेला, आमचे सुभेदार उभे होते. पाय फाकवून, हात पाठीमागं बांधून, मान ताठ. शेजारी कुणीतरी स्टूल आणून ठेवलं होतं, त्याच्यावर बसलेले नाहीत. स्टुलावर चहाचा कप, त्याच्यावर साय धरलेली. मला बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की माझा सगळा राग विरून गेला. तोंडावर रक्त नव्हतं माणसाच्या.

"कुठं हुतीस?"

"देवळात. पावणेअकराला देऊळ, तुमीच लिवलंय न्हवं?"

"चुकामूक झाली की शेवटचं जिथं दिसलं तिथंच थांबायचं असतंय. रूल हाय त्यो."

"तुमचा रूल मला कुणी शिकवलाय? मी काय पलटणीत हुते?"

बघायला आजूबाजूचे दुकानदार जमले होते. गादीवरचा तो माणूस हसू दाबत मला सांगायला लागला. हे दोन दुकानं पुढं गेले, वळून बघितलं तर मी नाही. परत आले, तेव्हा मी आत चहा पीत असणार, नाहीतर मागच्या दालनात रंग बघत असणार. आणि नेमके हे पलीकडच्या गल्लीत बघायला गेले तेव्हा मी बाहेर पडले. त्यानंतर यांनी प्रत्येक दुकानात जाऊन माझं वर्णन सांगितलं. हिरवी साडी, उंची पाच फूट दोन, उजव्या गालावर तीळ, चालताना बोलते. मग फोन लावला. तर यांच्याच पाठीवर पिशवी वाजायला लागली! यांना वाटलं दुसऱ्या कुणाचा वाजतोय. कापून परत लावला. परत पिशवी वाजली. तिसऱ्या खेपेला अख्खी पेठ हसायला लागली तेव्हा यांच्या लक्षात आलं. "पर हलले न्हाईत वैनी," दुकानदार म्हणाला. "दीड तास झाला. पाण्याचा घोट घेतला न्हाई. म्हणत्यात, ती हितंच येणार."

मीही हसले. हसायला आलंच. पण पिशवी घ्यायला हात पुढं केला तेव्हा यांचा हात माझ्या हाताला लागला, आणि तो गारठलेला होता.

खानावळ

बुधवार होता म्हणून मटण. सांगलीत येऊन पांढरा रस्सा प्यायला नाही तर आलो कशाला? वाटीतून प्यायचा, भाताबरोबर कालवायचा नाही, हे वाढणाऱ्या माणसानं आम्हाला दोनदा बजावलं. आमच्याकडचं मटण काळ्या मसाल्याचं, झणझणीत, नाक पुसत खायचं. हा पांढरा रस्सा नारळ, खसखस घातलेला, घशाखाली उतरताना नुसता मऊ. मी तीन वाट्या प्यायले. भाकरी मात्र आपली बरी. इथली पातळ असते, हातात धरली की लवते. मी ते यांना सांगत होते, आणि बघितलं तर यांच्या ताटातलं मटण तसंच होतं.

"तुला भ्या न्हाई वाटलं?" यांनी विचारलं.

"कशाचं?"

"मी दिसत न्हाई म्हणून."

"भ्यायला काय झालं? सांगली हाय, काय जंगल हाय? पोरीच्या ॲडमिशनला आले तवा एकटीच हुते. मामंजींचं ऑपरेशन झालं तवा अकरा दिस हितल्या दवाखान्यात एकटीच हुते."

मी हे फुशारकीनं बोलले. आपण किती धीराच्या, हे यांना दाखवावं म्हणून. हे भाकरीचा तुकडा मोडत राहिले. मग म्हणाले, "त्येच तर. सव्वीस वर्सं सगळं तू एकटीनं केलंस. आता मी हाय तर हिरीवरची मोटार कवा सोडायची त्ये बी तूच सांगतीस. गिरणीवर गेलो तर गिरणीवाला म्हणतो वैनीला इचारून या. मी दीड तास हुबा ऱ्हायलो, आन् तू बाजार करून आलीस. मग मी गुजरातला असलो काय आन् घरात असलो काय, तुला फरक काय पडतोय?"

रागानं बोलले असते तर मी तोंडाला तोंड दिलं असतं. पण ते साधं बोलले, शेताला पाणी कमी पडतंय असं सांगावं तसं. आठ दिवस मला वाटत होतं, यांना घरात करमत नाही, यांना परत ती वर्दी, ती सलामी पाहिजे. आणि यांना वाटत होतं, मला हे नको झालेत.

आता सांगते, मी "जाऊ नका" का म्हणत नव्हते ते. लग्न झाल्यावर पहिल्यांदा हे ड्युटीवर निघाले तेव्हा सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवून सांगितलं होतं. "नोकरीवर निघालेल्या माणसाला आडवायचं न्हाई. जाऊ नका म्हणायचं न्हाई. स्टँडवर डोळ्यातनं पाणी काढायचं न्हाई. त्याचं पाऊल जड हुतंय, आन् जड पावलाचा माणूस तिकडं सांभाळून ऱ्हात न्हाई." आमच्या आळीत घरटी एक माणूस फौजेत. प्रत्येक घरात सुनेला हे असंच सांगितलेलं. निघताना हातावर दही ठेवायचं, हसायचं आणि "या" म्हणायचं. बस. सव्वीस वर्षांत "जाऊ नका" हे दोन शब्द मी एकदाही तोंडातून काढले नाहीत. ते बोलले तर यांच्या जिवाला काही होईल अशी धास्ती बसलेली. नोकरी संपली, सासूबाई गेल्या, पण धास्ती काही गेली नाही. साहेबांचा फोन आला आणि जीभ जुन्याच सवयीनं वळली.

हे सगळं मला त्या खानावळीत बोलता आलं असतं. पण वाढणारा माणूस परत रस्सा घेऊन आला, "घ्या की, लाजू नका," आणि राहून गेलं.

हरिपूर

हरिपूरच्या रस्त्याला जुन्या चिंचा आहेत. दोन्ही बाजूंनी फांद्या अशा आलेल्या की भर दुपारी सावलीतून जावं. रिक्षा मुद्दाम अलीकडं सोडली आणि चालत गेलो. हे पुढं, मी मागं. पण या वेळी दर दहा पावलांना हे वळून बघत होते. मी म्हटलं, "आवं, हाय हितंच." तरी वळायचं काही थांबलं नाही.

गावात एका म्हाताऱ्या आजोबांनी आम्हाला हळदीची पेवं दाखवली. जमिनीत खोल खोल खड्डे, तोंड लहान आणि आत एक खोलीच. पूर्वी त्यात हळद भरून वरून मातीनं बुजवून टाकायचे, वर्षानुवर्षं कीड लागायची नाही. पुराचं पाणी शिरल्यापासून बरीच पेवं गेली म्हणाले. "उघडल्या उघडल्या आत उतरायचं न्हाई हां," आजोबा म्हणाले, "आदी कंदील सोडायचा. कंदील जळत ऱ्हायला तर माणूस उतरायचा." हे वाकून वाकून बघत होते, किती फूट खोल, पायऱ्या कशा, माती कसली. फौजेत यांनी खंदक खणलेत. दोघांची चांगली गट्टी जमली आणि पाऊण तास त्यातच गेला. कागदावरची सगळी वेळ कोलमडली, पण यांनी घड्याळ बघितलं नाही. मी हळूच बघितलं होतं. चार वाजून गेले होते.

मटण खाल्लेलं, म्हणून संगमाजवळच्या देवळाला बाहेरूनच हात जोडले आणि घाटाच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. इकडून आमच्याकडनं आलेली कृष्णा, तिकडून वारणा. दोन्ही पाण्यांचे रंग थोडा वेळ वेगवेगळे दिसतात, पुढं कळत नाही. वरच्या पायरीवर दोन बाया गप्पा मारत बसल्या होत्या. येताना बांधून घेतलेलं भडंग मी काढलं. तिखट, कुरकुरीत, लसणाचे तळलेले तुकडे आणि शेंगदाणे. खायला लागलं की हात थांबत नाही. आमच्याकडं चुरमुऱ्याचा चिवडा करतात, पण त्याला ही सर नाही. मी खात होते. हे खात नव्हते. पावणेपाचला यांनी खिशातून मोबाईल काढला आणि गुडघ्यावर ठेवला.

मला वाटलं होतं, दिवसभर फिरलं की आपोआप होईल. आपोआप काही होत नव्हतं. फोन गुडघ्यावर होता, हे नदीकडे बघत होते, आणि मी तोंडात भडंग भरून गप्प. पाचला दहा कमी. पाचला आठ कमी. देवाला जास्तीची प्रदक्षिणा घालून आलेली बाई मी, आणि ज्याला सांगायचं तो हातभर अंतरावर बसलेला.

"जाऊ नका," मी म्हटलं.

इतक्या हळू निघालं की मलाच ऐकू आलं नाही. यांनी मान वळवली. "काय म्हणालीस?"

"जाऊ नका म्हणलं. तुमी नसला तर माझं काय अडत न्हाई. मोटार बी चालती, गिरण बी चालती. कामाला नकोयसा तुमी मला. तुमी नुस्तं घरात पायजेसा. सकाळी चा प्यायला पायजेसा. सव्वीस वर्सं मी शाणी हून ऱ्हायले, आता मला शाणं व्हायचं न्हाई. जाऊ नका."

एका दमात बोलून टाकलं. सासूबाईंच्या नावानं मनातल्या मनात हात जोडले. मग यांनी फोन उचलला.

"जय हिंद, साहब. हां साहब, सोच लिया. नहीं आ पाऊंगा." आवाज परेडवरचा. वरच्या पायरीवरच्या बाया वळून बघायला लागल्या. "नहीं साहब, तबियत एकदम ठीक है. खेती भी ठीक है."

पलीकडून साहेब कारण विचारत असणार. मला वाटलं, आता गुडघेदुखी सांगतील, नाहीतर ऊस तोडीला आलाय म्हणून सांगतील. आमच्याकडचा कुठलाही पुरुष असंच काहीतरी सांगेल. बायकोनं नको म्हटलं म्हणून थांबलो, हे कुणी मेला तरी कबूल करायचा नाही.

"घरवाली जाने नहीं देती, साहब," हे म्हणाले. चांगलं मोठ्यानं. "हां. बहुत रोती है."

मी दचकले. लाज वाटली ती वेगळी, वरच्या बाया खुदुखुदू हसत होत्या. पण रडते? माझे डोळे कोरडे ठणठणीत होते. फोन ठेवल्या ठेवल्या मी यांना धरलं. "मी कवा रडले वं? साहेबाला खोटं कशाला सांगायचं?"

"खोटं न्हाई त्ये," हे म्हणाले. त्यांनी आता कुठं भडंगाच्या पुडीत हात घातला. "गाडी सुटस्तवर हसायचीस. गाडी वळली की स्टँडच्या भितीला टेकून रडायचीस. काचेतनं दिसायचं मला. ह्या बारीला तसलं काय दिसंना, म्हणून वाटलं, हिला आता चालतंय."

एवढी वर्षं मला वाटत होतं, ते कुणालाच माहीत नाही.

"पुढची शिटं मोकळी असली तरी मी मागंच बसायचो," हे म्हणाले. "दर बारीला. त्येवढ्यासाठीच."